सहापैकी एक

लेसिएलीबाईंकडून अर्धा गुण जास्त मिळवणं म्हणजे रविवारी, देवाच्या दिवशी बंदी असताना, होडी पाण्यात घालण्यासारखं, असं हापाईच्या टोंगन बेटांवरची पोरं म्हणत. छाती मोठी लागते, वर पदरात काही पडत नाही. हे बाईंच्या कानावर जाई आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडे. सव्वीस वर्षं त्यांनी शेवटच्या वर्गाला गणित शिकवलं. वर्षभराच्या चाचण्यांचे गुण त्यांच्याच हातात असत. ते गुण राजधानीत जात, अखेरच्या परीक्षेच्या गुणांत मिळवले जात आणि त्या बेरजेवर ठरे की कोण विद्यापीठात जाणार आणि कोण बापाबरोबर जाळं ओढणार.

त्यांचा हा काटेकोरपणा उगाच आलेला नव्हता. अठरा वर्षांच्या असताना त्या वर्गात पहिल्या होत्या, आणि शिष्यवृत्ती मिळाली ती पाद्रीबुवांच्या पुतण्याला. तो मुलगा त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना हमखास दोनानं भागायला विसरे. गावात कुणी अवाक्षर काढलं नाही. लेसिएलीचे वडील एवढंच म्हणाले, "जाऊ दे पोरी, देव बघतो." पोरीनं मनात म्हटलं, देव बघत असेल, पण पेपर तपासतो माणूस. पुढच्या वर्षी ती परदेशात, सुव्याला गेली, शिकून परत आली आणि त्याच शाळेत उभी राहिली. लग्न केलं नाही. आपल्या हातून कुणाच्या पुतण्याला एक गुण जास्त जाणार नाही, एवढं एकच व्रत तिनं धरलं.

पुतण्याला नाही, हे ठरलं होतं. स्वतःला भाची होती.

धाकटा भाऊ सेमिसी दोन घरं सोडून राहायचा. आमच्याकडे बहिणीचा मान भावाहून वर, आणि भावाच्या मुलांवर तर आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा. बारशाला, लग्नाला, मयताला आत्या सगळ्यांच्या वर बसते. भाऊ बहिणीसमोर मोठ्यानं हसत नाही, तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही, आणि तिनं एकदा नाही म्हटलं की तो विषय संपतो. सेमिसी तर स्वभावानंच अबोल. समुद्रात बुड्या मारून मारून त्याचे कान अधू झाले होते, त्यामुळे तो निम्मं ऐकायचा आणि पाव बोलायचा. त्याची बायको वाइओला चटया विणायची. बोलायची हौस तिला होती, पण नणंद दारात दिसली की तिची जीभ टाळ्याला चिकटे.

हिंगानो ही त्यांची थोरली. आठ वर्षांची होती तेव्हा चर्चमध्ये आत्याच्या मांडीला टेकून बसायची. फळ्यावर भजनाचा आकडा लागला, तीनशे एकाहत्तर, की आत्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, "आत्या, सातानं जातो." बाई डोळे वटारायच्या आणि मनातल्या मनात भागून बघायच्या. जायचा.

ही मुलगी पुढे आत्याच्याच वर्गात आली. बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलं, कधी फळ्यापाशी बोलावलं नाही, तिनं हात वर केला तरी आधी दुसऱ्याला विचारलं. हिंगानो हसून घ्यायची. मैत्रिणींना म्हणायची, "घरी आत्या, शाळेत पाहुणी. मी ओळख दाखवत नाही, तीही दाखवत नाही."

त्या वर्षी शेवटच्या चाचणीच्या आधीच्या रविवारी प्रार्थना सुटली आणि बाई पायऱ्या उतरत होत्या. पुढे दुकानवाली फिफिता दुसऱ्या एकीला सांगत होती, "आमच्या पोरानं कशाला रात्रीचा दिवस करायचा? यंदा पहिला नंबर ठरलेलाच आहे. पेपर देणारी भाची, तपासणारी आत्या. घरचाच सुरा, घरचंच डुक्कर." दोघी हसल्या. मागे बाईंना बघून फिफितानं पंख्यानं तोंड झाकलं.  बाई घरी जाऊन जेवल्या नाहीत.

चाचणीत सहा गुणांचं एक गणित होतं. शाळेच्या भिंतीला लागून डुकरांसाठी आयताकृती वाडा करायचा आहे. जाळी चाळीस मीटर. भिंतीच्या बाजूला जाळी लागत नाही. जास्तीत जास्त जागा किती मिळेल? वर्षभर शिकवलेली रीत अशी की समीकरण मांडायचं, त्याचं विकलन करायचं, ते शून्य धरून उत्तर काढायचं. उत्तर दोनशे चौरस मीटर.

हिंगानोनं विकलन केलंच नव्हतं. तिनं लिहिलं होतं: 'भिंत आरसा आहे असं समजा. पलीकडे असाच दुसरा वाडा दिसेल. दोन्ही मिळून एक आयत, जाळी ऐंशी मीटर. चौरस केला तर बाजू वीस. एक बाजू थोडी वाढवली की दुसरी तेवढीच घटते, आणि जागा त्या वाढीच्या वर्गाइतकी कमी होते. म्हणून चौरसच मोठा. आपला वाडा त्याचा अर्धा. वीस बाय दहा, दोनशे.' पाच ओळी आणि एक आकृती.

बाईंनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. आणि तो आनंद झाला म्हणूनच त्या घाबरल्या. आपल्याला आवडलं ते गणित की आपली पोर? उद्या कुणी विचारलं, रीत कुठे आहे, तर काय सांगायचं? नमुना उत्तरपत्रिकेत विकलनाला चार गुण होते, शून्य धरण्याला एक आणि उत्तराला एक. त्यांनी लाल पेन उचललं. उत्तराचा एक गुण दिला आणि शेजारी लिहिलं, 'रीत दाखवलेली नाही.' मग एकदम हलकं वाटलं त्यांना. कठीण काम नीट पार पाडल्यासारखं.

निकाल लागला. विद्यापीठाच्या प्रवेशाला गणितात साठ लागत होते. हिंगानोला सत्तावन्न मिळाले. फिफिताच्या पोराला एकसष्ट मिळाले, आणि फिफितानं भर रस्त्यात बाईंचे हात धरले. "बाई, तुमच्यासारखा न्याय राजाच्या दारीही नाही!"

चार दिवसांनी हिंगानो शाळा सुटल्यावर वर्गात आली. हातात फेरतपासणीचा अर्ज होता. तीस दिवसांची मुदत होती आणि शिक्षकाची सही लागायची.

"आत्या, एक विचारू? ते वाड्याचं गणित चुकलं का माझं?"

"उत्तर बरोबर आहे. रीत नाही."

"पण ती रीतच आहे ना? म्हणजे, मला तसंच दिसलं."

"दिसलं म्हणून गणित होत नाही, हिंगानो. शिकवलंय तसं करावं लागतं."

मुलीनं अर्ज पुढे धरला. "मग सही नाही करणार?"

"माझ्याच भाचीच्या अर्जावर मीच सही केली तर लोक काय म्हणतील?"

"हो," हिंगानो म्हणाली. "तेही आहेच." तिनं अर्जाची घडी केली, फळा पुसायचा राहिला होता तो पुसला आणि गेली. सेमिसीनं बहिणीला काही विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती. वाइओला महिनाभर नणंदेसमोर मान वर न करता चटई विणत राहिली, आणि बाईंना वाटलं, भावजय समंजस आहे.

तीन वर्षं गेली. हिंगानो आईबरोबर केवड्याची पानं समुद्रात भिजत घाली, वाळवी, सोली, विणी. हात चांगला बसला होता तिचा. आत्याकडे अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून लू शिजवून आणे, केर काढून देई, हसे, बोले. भजनाचा आकडा फळ्यावर लागला की मात्र ती समोर नुसती बघत राही.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला बेटाबेटांवरच्या गणिताच्या शिक्षकांना राजधानीत गुणदानाच्या शिबिराला बोलावलं. बारा जण होते. शिबिर चालवणारा काफोआ हा तिशीतला अधिकारी, चष्मा सारखा नाकावर ढकलणारा, बोलायला गोड. त्यानं एक छापील कागद वाटला. "नाव नाही, शाळा नाही, अक्षर नाही. जुनं उत्तर टाइप करून घेतलंय. वाचा आणि सहापैकी किती ते चिठ्ठीवर लिहा."

बाईंनी चष्मा लावला. पहिली ओळ होती: भिंत आरसा आहे असं समजा.

पुढचं त्यांना वाचावं लागलं नाही. पेन उचलायला मात्र फार वेळ लागला. शेवटी त्यांनी लिहिलं, सहा.

काफोआनं चिठ्ठ्या उघडल्या. अकरा जणांनी सहा दिले होते, एकानं पाच. "आकृतीला नाव दिलं नाही म्हणून अर्धा कापणार होतो," तो एक म्हणाला, "पण अर्धा देता येत नाही म्हणून एक कापला." सगळे हसले. वावाऊ बेटावरचे म्हातारे, निवृत्त होऊनही आलेले सिओसाइआ मास्तर कागद उलटसुलट करत म्हणाले, "अरे, चाळीस वर्षं फळ्यावर खडू झिजवला, पण असलं डोकं एकदा तरी पदरात पडलं असतं तर मी अजून नोकरीत राहिलो असतो. कुठंय हे पोर आता? अमेरिकेत?"

"तेच सांगतो," काफोआ म्हणाला. "तेव्हा या उत्तराला सहापैकी एक मिळाला होता."

"एक? कुठल्या गाढवानं तपासला?"

"गंमत पुढेच आहे. हा दुसरा कागद बघा. आदल्या वर्षीचा, त्याच शाळेचा. या मुलानंही विकलन केलं नाही, वर्ग पूर्ण करून उत्तर काढलं. तपासणारी व्यक्ती तीच. त्याला पाच दिले, आणि शेजारी लिहिलं, 'वेगळी वाट, पण पोचलास.' एकाच हातानं एकाला पाच आणि दुसऱ्याला एक का दिला असेल, यावर आज बोलायचं आहे."

तो मुलगा तोमासी. कोळ्याचं पोर, बाईंचं नात्यागोत्याचं कुणी नव्हतं. त्याला पाच देताना बाईंचा हात क्षणभरही अडखळला नव्हता, हे त्यांना आता आठवलं. कुणीतरी म्हणालं, तपासणारा दमला असेल. कुणी म्हणालं, मुलाशी वाकडं असेल.

बाई उभ्या राहिल्या. "वाकडं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती माझ्या भावाची मुलगी आहे. तो एक गुण मी दिला."

 सिओसाइआ मास्तर अर्धे उठले. "बस गं बाई, बस. मी आपलं उगाच बोलून गेलो..."

"नाही मास्तर. बरोबर बोललात."

दुपारी त्या काफोआच्या खोलीत गेल्या आणि झालं ते सगळं लिहून सही करून दिलं. त्यानं दोनदा वाचलं. "बाई, मुदत तीस दिवसांची होती. तेव्हा अर्ज आला असता, तर एका दुपारचं काम होतं. आता आत्याबाईला मिशा असत्या तर..." आणि तो तिथेच थांबला. कान लाल झाले त्याचे. "माफ करा. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"बोला तुम्ही. आत्याच आहे मी."

माणूस भला होता. त्यानं चार दिवस खेटे घालून पत्र मिळवलं. गणिताचे गुण सत्तावन्न नव्हेत, बासष्ट धरावेत. त्या वर्षीची जागा आता मिळणार नाही. पण नव्यानं अर्ज करता येईल, अभ्यास सुटून तीन वर्षं झाली म्हणून एक छोटी प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागेल.

बाई बोटीतून उतरल्या त्या घरी गेल्या, आणि पेटीच्या तळातून जुनी, मोठी, चिंध्या झालेली चटई काढून कमरेला गुंडाळली. अशी चटई मयताला नेसतात, आणि तीही गेलेल्या माणसापुढे ज्यांचा मान खालचा ती माणसं. आत्यानं ती भावाच्या दारात नेसायची नसते. भर दुपारी त्या तशा दोन घरं चालत गेल्या. वाटेत डुकरं हाकणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या.

सेमिसी अंगणात होडीला रंग देत होता. त्यानं बहिणीला पाहिलं आणि ब्रश टाकला. "ताई! कोण गेलं?"

बाई उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या. "तुझ्या मुलीची तीन वर्षं गेली. मी घालवली."

त्याला नीट ऐकू आलं नाही. तो घाबरून बायकोकडे बघायला लागला. बाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, सगळं, पाच ओळी आणि एक गुण आणि सही न केलेला अर्ज. सेमिसी म्हणत राहिला, "ताई, आधी ते सोड. लोक बघतात. ती चटई सोड आधी." बहिणीला हात लावायचा नाही म्हणून त्याचे हात नुसते हवेत फिरत होते.

वाइओलानं विणकाम बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत बाईंनी तिचा आवाज असा ऐकला नव्हता.

"वन्सं, मला तेव्हाच ठाऊक होतं. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण माझी पोर मला ठाऊक होती. तिनं तो अर्ज चुलीत घातला तेव्हा मी बघितलं. यांना म्हटलं, जा, ताईंना विचारा. हे म्हणाले, बहिणीला विचारायचं नसतं. मी विचारायचं, तर मी कोण? फिफितानं पोरासाठी शाळा डोक्यावर घेतली असती. तोमासीचा बाप दारू पिऊन तरी ओरडला असता. सगळ्या पोरांना कुणी ना कुणी होतं, वन्सं. माझ्याच पोरीला कुणी नव्हतं, कारण तिला तुम्ही होतात."

बाईंनी मान खाली घातली. सेमिसी भिंतीकडे तोंड करून रडत होता.

हिंगानो मागच्या दारानं आली. तिनं आधी आत्याच्या कमरेची चटई सोडवली, गुंडाळून ठेवली, मग पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "बासष्ट," ती म्हणाली. आणि मग, "आत्या, येत्या बुधवारनंतरच्या बुधवारी मी जातेय. ऑस्ट्रेलियाला. द्राक्षं भरायच्या कामावर. व्हिसा आलाय."

"परीक्षा दे आधी. महिना आहे. मी शिकवते, रोज बसू."

"बाबांना आता बुडी मारता येत नाही," हिंगानो म्हणाली. पण आत्याचं तोंड बघून तिनं तीन दुपारी दिल्या. तीन दुपारी दोघी शाळेच्या रिकाम्या वर्गात बसल्या. पहिल्या दिवशी साधी समीकरणं झाली, अडखळत. दुसऱ्या दिवशी विकलन, ते पार विसरलेलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो छापील कागद तिच्यापुढे ठेवला. हिंगानो किती तरी वेळ बघत राहिली.

"हे मी लिहिलंय?"

"तूच."

"वाचलं की कळतंय मला. बरोबर आहे. पण भिंत आरसा आहे हे मला कसं दिसलं असेल, ते नाही कळत." तिनं आकृतीवर बोट फिरवलं. "तुम्ही म्हणालात ना, दिसलं म्हणून गणित होत नाही. मला वाटलं, मग मला जे दिसतं ते गणित नव्हेच. मला तर नेहमी असंच दिसायचं. म्हणून मी बघणं सोडलं. सुरुवातीला मुद्दाम सोडावं लागायचं. मग आपोआप सुटलं."

"परत येईल ते. थोडे दिवस..."

"आत्या," ती म्हणाली, आणि आत्याच्या हातावर हात ठेवला. "रागावले नाहीये मी. खरंच. पण नका आता."

बुधवारी धावपट्टीच्या कुंपणाशी सगळं गाव उभं होतं. हिंगानोच्या गळ्यात फुलं इतकी की हनुवटी दिसत नव्हती. तिनं सगळ्यांच्या आधी आत्याला मिठी मारली, कारण मान तसाच असतो.

त्यानंतर लेसिएलीबाईंनी एकही पेपर नाव बघून तपासला नाही. नावाच्या जागी आकडा आला. हापाईचे कागद वावाऊला जायचे, वावाऊचे इकडे यायचे. सिओसाइआ मास्तर निवृत्त होते, तरी हट्टानं निम्मे ते तपासत. दोन वर्षांत ही पद्धत इतर बेटांनीही उचलली. शाळेच्या वार्षिक समारंभात मुख्याध्यापकांनी बाईंचा सत्कार केला आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या फिफितानं. बाई खाली बघून उभ्या राहिल्या. आता कधीही, कुणाच्याही कागदावर त्या गुण लिहायच्या आधी थांबत, आणि उत्तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत.

हिंगानो परत आली नाही. तिसऱ्या हंगामात तिनं तिकडेच द्राक्षांच्या मळ्यातल्या एका टोंगन मुलाशी लग्न ठरवलं आणि आत्याला विमानाचं तिकीट पाठवलं. बाई म्हणाल्या, मी नाही जाणार, कुठल्या तोंडानं जाऊ? सेमिसीनं आयुष्यात पहिल्यांदा बहिणीला उलट उत्तर दिलं. "जायचं, ताई. आत्या नाही आली तर माझ्या पोरीच्या लग्नाला मान नाही."

मग त्या गेल्या. व्हिक्टोरियातल्या त्या गावात चर्चच्या मागे मोठा तंबू होता, भाजलेली डुकरं होती, चुलत-मावस नातलगांची गर्दी होती. सगळ्यांच्या वर, सगळ्यांत बारीक विणीच्या चटईवर, लेसिएलीबाईंना बसवलं. केक कापला तेव्हा सगळ्यांत वरचा थर दोन मुलींनी उचलून त्यांच्यापुढे आणून ठेवला, कारण तो आत्याचाच असतो. लोक बघत होते. बाईंचे हात मांडीवरून हलेनात.

हिंगानो लग्नाच्या कपड्यात खाली वाकली, स्वतः एक तुकडा मोडला आणि आत्याच्या तळहातावर ठेवला. "खा ना, आत्या. सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

बाईंनी तो तोंडात घातला. गिळायला फार वेळ लागला, आणि तोवर हिंगानो तिथेच, हात धरून बसून राहिली.